'काकू, तुमचं पण नेट गेलंय का?' : सतत तुटणाऱ्या केबल इंटरनेटबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पाचपाखाडीला आमची चार मजली, बिनलिफ्टची सोसायटी आहे आणि मी तिची सेक्रेटरी. पाणी, पार्किंग आणि कबुतरं यांच्या खालोखाल माझ्याकडे येणारी तक्रार म्हणजे इंटरनेट. केबलवाल्याला फोन केला की दोनपैकी एक उत्तर ठरलेलं असतं: 'वरूनच प्रॉब्लेम आहे' किंवा 'तुमच्या वाय-फायचा प्रॉब्लेम आहे'. दोन्ही उत्तरं अधूनमधून खरी असतात, तिथेच सगळी गोची आहे. आज त्यातलं कोणतं खरं, हे आपल्याला पुराव्यानिशी सांगता आलं तर 'मुलगा पाठवतो' म्हटल्यावर मुलगा खरंच येतो. खालचे प्रश्न जिन्यात, गच्चीवर आणि दोनदा तर सर्वसाधारण सभेत विचारले गेलेले आहेत.

'वरूनच प्रॉब्लेम आहे' म्हणजे नक्की कुठून?

हे 'वर' फार ऐसपैस आहे. तुमच्या घरातून निघालेली वायर आधी जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या डब्यात जाते. त्या डब्यात ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारा) किंवा स्विच (घराघरांत लाइन वाटणारा) असतो. तो सोसायटीच्या कॉमन मीटरवर चालतो, आणि काही इमारतींत एखाद्या भल्या माणसाच्या घरच्या प्लगवर. डब्यातून वायर शेजारच्या गच्चीवर, तिथून पुढच्या गच्चीवर, असं करत केबलवाल्याच्या नोडपर्यंत, म्हणजे आसपासच्या इमारतींच्या वायरी जिथे एकत्र येतात तिथे पोचते. नोडच्या पुढे फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची वायर, मग कंपनीचं केंद्र आणि त्यापलीकडे बाकीचं जग.

म्हणून 'वरून आहे' ऐकल्यावर फोन ठेवू नका. एकच विचारा: आमच्या एकट्याचं गेलंय, आमच्या बिल्डिंगचं गेलंय की सगळ्या एरियाचं? एकट्याचं असेल तर दोष घरापासून डब्यापर्यंतच्या वायरीत, मोडेममध्ये (बाहेरच्या लाइनशी बोलणारं यंत्र, काही घरांत ते राउटरमध्येच असतं) किंवा तुमच्या खात्यात. बिल्डिंगचं असेल तर डबा किंवा गच्चीवरची लाइन. पूर्ण एरिया गेला असेल तर तुम्ही काहीही करू शकत नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि कामाला लागा. घोडबंदर रोडला मेट्रोच्या खोदकामात फायबर तुटलं की वेगवेगळ्या कंपन्यांचे ग्राहक एकाच वेळी हवालदिल होतात, कारण बऱ्याचदा सगळ्यांच्या वायरी एकाच खड्ड्यातून गेलेल्या असतात.

आमच्याकडे नक्की कोणतं इंटरनेट आहे? केबलवाला तर 'फायबर' म्हणतो.

फायबर सगळेच म्हणतात. रस्त्यापर्यंत ते बहुतेकांचं असतंच. प्रश्न तुमच्या घरात काय शिरतं याचा आहे, आणि ते वायर बघून कळतं.

टीव्हीच्या केबलसारखी जाड, गोल वायर, टोकाला आटे असलेली पिन आणि मधोमध तांब्याची एक तार दिसली तर ती कोॲक्स. सोबत केबल मोडेम असणार. टोकाला टेलिफोनच्या पिनेसारखी, पण तिच्यापेक्षा रुंद प्लास्टिकची पिन असेल तर ती लॅनची वायर, म्हणजे फायबर इमारतीच्या डब्यात संपलं आणि पुढे तांबं आलं. आणि काडीसारखी बारीक वायर, टोकाला हिरवी किंवा निळी चौकोनी पिन असेल तर ते घरापर्यंतचं फायबर. तिन्हींची दुखणी वेगळी. कोॲक्सवाल्यांची सगळ्यात जास्त, म्हणून खाली त्यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

राउटर बंद करून चालू केला की नेट येतं. मग दुरुस्ती कशाला?

महिन्यातून एकदा करावं लागत असेल तर नकोच. रोज करावं लागत असेल तर हवी. बंद-चालू केल्यावर मोडेम लाइनवर नव्याने जम बसवतो आणि तात्पुरता सावरतो. मूळ दोष तिथेच राहतो. शिवाय त्या मोडेममध्ये दोषाची नोंद ठेवलेली असते, ती काही मॉडेलमध्ये बंद-चालू करताच पुसली जाते. म्हणजे पुरावाही गेला.

आणि हो, मागच्या बाजूला टाचणी खुपसून दाबायचं जे 'रीसेट' भोक असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याने राउटर कोरा होतो, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड उडतो, आणि तो फक्त केबलवाल्याच्या वहीत असतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावर हे रविवारी संध्याकाळी झालं होतं. सोमवारी दुपारपर्यंत घर शांत होतं म्हणे.

दोष वाय-फायचा की लाइनचा, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात सोपा उपाय: लॅपटॉपला लॅनची वायर लावा आणि वाय-फाय बंद करून बघा. वायरवर नेट नीट चाललं तर लाइन ठीक आहे, दोष वाय-फायचा. वायरवरही तुटलं तर केबलवाल्याचं दुसरं उत्तर बाद झालं.

नेट अधूनमधून तुटत असेल तर पिंग लावून ठेवा, म्हणजे लॅपटॉप एखाद्या पत्त्याला सतत हाक मारतो आणि उत्तर येतंय का ते दाखवतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग हा शब्द, मग राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि शेवटी वजा चिन्हाला जोडून टी हे अक्षर. दुसरीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८, हा बाहेरच्या जगातला, गूगलचा. अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. दोन्ही खिडक्यांत ओळी पळायला लागतील. आता कामं करा, वरण-भाताचा कुकर लावा, आणि नेट गेलं की येऊन बघा.

दोन्ही खिडक्यांत उत्तरं थांबली असतील तर तुमचा लॅपटॉप राउटरपर्यंतच पोचत नाहीये. दोष घरात आहे. पहिली खिडकी धडधडीत चालू आणि दुसरी थांबलेली, तर राउटरपर्यंत सगळं ठीक आणि दोष त्याच्या पलीकडे. या दुसऱ्या प्रकाराचा, घड्याळ दिसेल असा फोटो काढून ठेवा. केबलवाल्याच्या व्हॉट्सॲपवर हा एक फोटो दहा फोनांपेक्षा जास्त काम करतो.

वाय-फायचाच दोष निघाला. आता?

राउटर कुठे ठेवला आहे ते सांगा. आमच्याकडे मी पाहिलेल्या जागा: चपलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे, माळ्यावर सुटकेसांच्या आड, आणि एका घरी लोखंडी कपाटाच्या वर, पाठीमागे. लोखंड, पाणी आणि काँक्रीटच्या भिंती वाय-फाय अडवतात. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, मोकळ्या जागी हवा. घर सजवणाऱ्याला हे पटत नाही, त्याला समजावणं तुमचं काम.

दुसरं म्हणजे गर्दी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. आमच्यासारख्या खेटून उभ्या इमारतींत तीस-तीस राउटर या तिघांवर दाटीवाटीने बसलेले असतात, वर मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात आवाज करतो. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वापरा. तो वेगवान आहे, पण दोन भिंतींपलीकडे दमतो. आतल्या खोलीसाठी रीपीटर, म्हणजे वाय-फाय पुढे ढकलणारा डबा, घ्यायच्या आधी तिथपर्यंत लॅनची वायर नेता येते का बघा. साधा रीपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतोही, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

केबल मोडेमच्या पानावर आकडे दिसतात. त्यांचा अर्थ काय?

कोॲक्सवाल्यांनी हा भाग सावकाश वाचावा. तांत्रिक वाटतो, पण माझी निम्मी भांडणं या पानामुळे संपली.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका. बहुतेक केबल मोडेम या पत्त्यावर स्वतःचं पान दाखवतात. तिथे तीन गोष्टी शोधा.

पहिली, डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे वरून येणारा सिग्नल किती ताकदीने पोचतो ते. उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असेल तर चैन. अधिक-उणे १५ ही मर्यादा. तिच्या जवळ गेलात तर गडबड. लक्षात घ्या, जास्त म्हणजे चांगलं असं नाही. काही कारागीर डब्यातला ॲम्प्लिफायर पिळून सिग्नल इतका वाढवतात की मोडेमचे कान किटतात.

दुसरी, एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत कामाचा आवाज किती मोठा. ३३ डेसिबलच्या वर हवा. ३० च्या खाली गेला की व्हिडिओ कॉलमध्ये माणसं रोबोटसारखी बोलायला लागतात.

तिसरी, अपस्ट्रीम पॉवर, आणि सगळ्यांत बोलकी हीच. तुमचा मोडेम वरच्या केंद्राला किती जोरात ओरडून उत्तर देतो, ते हा आकडा सांगतो. केंद्राला प्रत्येकाचा आवाज एका ठरावीक पातळीवर ऐकू यायला हवा असतो. वाटेत वायर खराब असेल, पिन सैल असेल, स्प्लिटर (एका वायरीच्या दोन-चार वायरी करणारे तुकडे) जास्त असतील तर केंद्र मोडेमला सांगतं, मोठ्याने बोल. मोडेम आवाज चढवतो. ३५ ते ४९ मध्ये असेल तर ठीक. ५० च्या पुढे गेला की तो जिवाच्या आकांताने ओरडतोय. थोडं ऊन वाढलं, वायर थोडी आणखी बिघडली, की त्याचा आवाज अपुरा पडतो आणि नेट जातं. म्हणजे डाउनलोड झकास दिसत असतानाही लाइन तुटू शकते.

पानावर नोंदींची यादी असेल तर त्यात टी३ आणि टी४ असे शब्द शोधा. टी३ म्हणजे मोडेमने हाक मारली, उत्तर आलं नाही. दिवसाकाठी एखाद-दुसरा असेल तर सोडून द्या, तासाला दहा असतील तर परतीच्या मार्गात दोष आहे. टी४ म्हणजे ३० सेकंद उलटले तरी केंद्राकडून बोलायची पाळीच आली नाही. त्यानंतर मोडेम सहसा स्वतःच पुन्हा सुरू होतो. पान उघडून हे तीन आकडे सकाळी, भर दुपारी आणि रात्री वहीत लिहा.

स्प्लिटरमुळे एवढा फरक पडतो?

पडतो, आणि मी हे शरमेने सांगते. एका उन्हाळ्यात आमचं नेट रोज दुपारी दोनच्या सुमारास जायचं. मी केबलवाल्याशी चार वेळा भांडले. अपस्ट्रीम ५१. दोनदा मुलगा येऊन गच्चीवरच्या पिना बदलून गेला, तरी ५१. शेवटी दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर, जुन्या पंख्यामागे, एक चार तोंडांचा स्प्लिटर सापडला. ठाणे आणि नवी मुंबईत केबल टीव्हीला सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले ते ३१ मार्च २०१३ च्या मुदतीला. त्या वेळी आमच्याकडे दोन टीव्ही होते, तेव्हा तो बसवला होता. एक टीव्ही कधीच भंगारात गेला, स्प्लिटर मात्र राहिला, दोन तोंडं उघडी ठेवून.

दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल जातात, चार तोंडांच्या सात. आमचा काढला आणि अपस्ट्रीम ४४ वर आलं. दुपारचं नेट जाणं थांबलं. केबलवाल्याला मी फोन केला, पण 'सापडलं' एवढंच म्हणाले, 'माझ्या माळ्यावर' हे नंतर सांगितलं.

तेव्हा मोडेमला थेट लाइन द्या किंवा पहिल्याच स्प्लिटरचं तोंड द्या. स्प्लिटरवर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं छापलेलं असावं. जुने, फक्त टीव्हीसाठीचे स्प्लिटर खालचा पट्टा जाऊ देत नाहीत, आणि मोडेमचं परतीचं बोलणं नेमकं तिथेच, ५ मेगाहर्ट्झपासून पुढच्या पट्ट्यात चालतं. रिकाम्या तोंडांना ७५ ओहमचं टर्मिनेटर, म्हणजे बारीक टोपण, लावून घ्या. उघड्या तोंडातून शिरलेला गोंगाट तुमच्यापुरता राहत नाही. तो परतीच्या मार्गाने वर जातो आणि त्या नोडवरच्या सगळ्यांना छळतो. शेजारच्या विंगमध्ये कुणी टीव्हीची वायर नुसती लोंबकळत सोडली असेल तर तिचा त्रास तुम्हालाही होऊ शकतो, हे सोसायटीच्या सूचना फलकावर लावायला हरकत नाही.

पावसाळा आला की नेट जातं. यावर उपाय आहे का?

आहे, पण तो मे महिन्यात करायचा असतो.

कोॲक्सच्या पिनेत पाणी शिरलं की ते जाळीत मुरतं. तांब्यावर हिरवट थर चढतो, सिग्नल घटतो. लोकांना वाटतं पाऊस थांबला की लाइन सुधारेल. दोन-तीन दिवस सुधारतेही, पण आत गंज सुरू झालेला असतो. पुढच्या पावसात ती आधीपेक्षा लवकर जाते. अशी वायर पुसून उपयोग नाही, खराब तुकडा कापून नवीन पिन दाबावी लागते, आणि पिन हाताने पिळून बसवायची नव्हे, दाबयंत्राने बसवलेली हवी. वर वॉटरप्रूफ टेप.

एक छोटी गोष्ट कुणी करत नाही: वायर घरात शिरते त्याच्या आधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून टपकून जातं. नाहीतर ते वायरीवरून घरंगळत थेट खिडकीतून मोडेमपर्यंत येतं. आमच्या दुसऱ्या मजल्यावर मोडेममधून अक्षरशः पाणी निघालं होतं.

लॅनच्या वायरीचंही तेच. घरातल्यासाठी बनलेली राखाडी वायर उन्हात दोन वर्षांत तडकते आणि मग पाणी पिते. बाहेरून न्यायची असेल तर बाहेरच्यासाठी बनवलेली काळी वायर मागा.

विजांचं सांगायचं तर ऑक्टोबरचा परतीचा पाऊस जास्त वाईट. गच्चीवरून येणारं तांबं, मग ते कोॲक्स असो की लॅन, विजेचा झटका घरात आणू शकतं. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर वायरही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही.

पाऊस नसतानाही गच्चीवरच्या वायरींचे शत्रू असतातच. संक्रांतीचा मांजा, पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी, इमारत रंगवायला आलेली माणसं ('वायर मधे येत होती म्हणून बाजूला केली'), मिरवणुकीत उंच मूर्तीसाठी बांबूने वर उचललेल्या आणि नंतर तशाच सोडलेल्या लाइनी. नेट गेल्याची तारीख वहीत लिहिताना त्या दिवशी आसपास काय चाललं होतं तेही लिहा. दोषाचं मूळ बऱ्याचदा तिथेच सापडतं.

घरी इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की नेट जातं. का?

कारण जिन्यातल्या डब्याला इन्व्हर्टर नाही. तुमचा राउटर जिवंत आहे, पण त्याला बोलायला समोर कुणी नाही. घरासाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेण्याआधी डब्यात बॅटरी आहे का ते केबलवाल्याला विचारा. नसेल तर पाच-सहा घरांनी मिळून डब्यासाठी यूपीएस बसवणं स्वस्त पडतं. आमच्याकडे हा ठराव दुसऱ्या सभेत मंजूर झाला. पहिल्या सभेत 'कॉमन मीटरचं बिल कोण भरणार' यावर दीड तास गेला, डब्याचा खर्च मात्र महिन्याला पंख्याएवढाही नाही.

घरापर्यंत फायबर असेल तर वाटेत सहसा वीज लागणारा डबाच नसतो, नुसते काचेचे दुभाजक असतात. तिथे घरचा यूपीएस पुरतो.

राउटर आपोआप बंद होऊन चालू होतो. लाइन खराब आहे का?

आधी ॲडॉप्टर बघा. मूळचा हरवला म्हणून सेट-टॉप बॉक्सचा लावला आहे का? १२ व्होल्ट जुळले तरी १ ॲम्पिअरच्या जागी अर्ध्या ॲम्पिअरचा असेल तर वाय-फायवर भार आला की राउटर मान टाकतो. दोनशे-तीनशे रुपयांचं काम.

रात्री नऊनंतरच नेट रांगतं. दिवसभर छान असतं.

ही गर्दी. कोॲक्सवर एका नोडच्या सगळ्या घरांत मिळून एकच वाट असते. रात्री जेवणं झाली, सगळ्यांचे टीव्ही नेटवर लागले, की वाट तुंबते. तुमच्या घरात काहीही बदलून ती सुधारणार नाही.

ओळखायचं असं: वायरवर वेग तपासा, सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री साडेनऊ, असं आठवडाभर. सकाळी ९० आणि रात्री १२ असा ठरलेला आलेख आला तर गर्दी. वाटेल तेव्हा वर-खाली होत असेल तर सिग्नल. गर्दीचा दोष असेल तर नोडची विभागणी कंपनीनेच करायची असते. एकट्याने बोलून होत नाही, वीस घरांनी एकाच दिवशी तक्रारी नोंदवल्या तर हलतात. त्याआधी एक खात्री करा: तुमच्या प्लॅनची डेटा मर्यादा तर संपली नाही ना? महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच वेग पडत असेल तर गुन्हेगार घरातच आहे आणि तो बहुधा बारावीत आहे.

१०० चा प्लॅन आहे, पण डाउनलोड १२ च दाखवतं. फसवणूक?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये, डाउनलोड मेगाबाइटमध्ये. आठने भागा, १०० चे साडेबारा होतात.

मात्र २०० किंवा ३०० चा प्लॅन घेऊन वायरवर ९४-९५ च्या पुढे काटा सरकतच नसेल तर लॅनची वायर तपासा. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. १०० ला दोन जोड्या पुरतात, त्याहून जास्त वेगासाठी चारही लागतात. एक तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते, आणि कुणालाच काही तुटल्यासारखं वाटत नाही. जुना राउटरही १०० च्या पोर्टचा असू शकतो.

आमच्या पूर्ण विंगचं नेट गेलं, पण डब्यात सगळे दिवे हिरवे आहेत.

हा किस्सा लॅनवाल्या इमारतींचा. आमच्या बी विंगमध्ये झाला होता. सगळ्यांचे राउटर 'कनेक्टेड' दाखवत होते, नेट मात्र कुणालाच नाही. एका राउटरच्या पानावर बघितलं तर बाहेरचा पत्ता म्हणून १९२.१६८.० ने सुरू होणारा आकडा. तो पत्ता कंपनीचा नव्हताच. वर नवीन राहायला आलेल्या दादांनी स्वतःचा राउटर लावताना बाहेरून आलेली वायर निळ्या पोर्टात न लावता पिवळ्या पोर्टात लावली होती. त्यांचा राउटर आता पूर्ण विंगला पत्ते वाटत बसला होता. वायर बदलली, सगळ्यांनी राउटर बंद-चालू केले, प्रकरण मिटलं. डब्यातला स्विच नीट लावलेला असेल तर असं होऊ नये, ते केबलवाल्याला सांगून ठेवलं. नाव-पासवर्ड टाकून डायल होणाऱ्या जोडण्यांना हा त्रास सहसा होत नाही.

व्हॉट्सॲप चालतं, साइट उघडत नाहीत.

८.८.८.८ ला पिंग उत्तर देतं पण साइटचं नाव दिलं की अडतं, तर नावांचा पत्ता सांगणारी सेवा, डीएनएस, आडवी झाली आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

घरचा सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही.

राउटरचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होतो आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे का? मग तुम्ही आणि आणखी अनेक घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरता. बाहेरून थेट आत येता येत नाही. क्लाउडवर चालणारा कॅमेरा घ्या किंवा कंपनीकडून स्थिर आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा न बदलणारा पत्ता, विकत घ्या.

फायबर आहे आणि लाल दिवा लुकलुकतोय.

त्यावर 'लॉस' लिहिलेलं असेल तर प्रकाश पोचत नाहीये. वायर कुठे दारात चेमटली आहे का, सोफ्यामागे दुमडली आहे का बघा. फायबर वाकतं, पण बोटाभोवती गुंडाळण्याइतकं नाही. पिनेत डोळा लावून कधीही बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक आहे. बाकी केबलवाल्याला बोलवा आणि मीटर लावून आकडा विचारा. उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली असेल तर जोड नव्याने करायला सांगा.

तक्रार करूनही काही होत नाही. पुढे कुठे जायचं?

केबलवाल्याच्या मोबाइलवरचं बोलणं म्हणजे तक्रार नव्हे. कंपनीच्या ग्राहक केंद्रावर नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या. नंबर नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. २०१२ च्या दूरसंचार तक्रार निवारण नियमांप्रमाणे तिथे समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यासाठी फी नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे लिहिण्यात आठवडा घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोलता येतं, मराठीतही.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपन्या पूर्वी म्हणायच्या, आमचं प्रकरण तुमच्याकडे येतच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाला तिथे जाता येतं हे स्पष्ट केलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही. पण तिथे वही लागते. तारखा, वेळा, डॉकेट नंबर, फोटो.

वेगाबद्दल एवढंच: सरकारच्या व्याख्येत जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) म्हणजे ब्रॉडबँड. जाहिरातीतला १०० हा '१०० पर्यंत' असतो. तो 'पर्यंत' बारीक अक्षरांत असतो, भिंग घेऊन बघा.

मुलगा येतो तेव्हा नेमकं सगळं छान चालतं. तो म्हणतो, 'चालतंय की काकू'.

त्याच्याशी वाद घालू नका, त्याला दिवसाला वीस घरं असतात. वही उघडून दाखवा: मंगळवारी दुपारी २.१० ला अपस्ट्रीम ५२, बुधवारी २.०५ ला ५२, रात्री ४७. दुपारी वाढतं म्हणजे ऊन लागणाऱ्या ठिकाणी काहीतरी सैल आहे, हे त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतं. मग त्याच्याबरोबर गच्चीवर जा, आपली वायर कोणती ते दाखवा, दोन्ही टोकांच्या पिना नव्या करून घ्या आणि खाली येऊन त्याच्यासमोरच मोडेमचं पान पुन्हा उघडा. आकडा उतरला तर चहा ठेवा. चहा आधी दिला तर गच्ची राहून जाते, हा माझा अनुभव आहे.